हशा जुना, गाणं नवं: जुन्या अमेरिकन मालिकांमधलं संगीत का बदलतं?

लेस नेसमन आरशासमोर उभा आहे. चष्मा, बो-टाय, मागे सरकलेले केस आणि रेडिओवर बातम्या वाचण्याची नोकरी. आज त्याला ऑफिसातल्या सगळ्यात देखण्या बाईबरोबर एका समारंभाला जायचंय, म्हणून त्याने केसांचा टोप आणलाय. तो टोप डोक्यावर बसवू लागतो आणि पाठीमागे फॉरिनर या बँडचं 'हॉट ब्लडेड' दणदणायला लागतं. गाण्याचं नाव सांगतंय रक्त तापलंय, आणि समोर हा गृहस्थ टोप सरळ करतोय. अख्खा विनोद या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत आहे.

माझा आत्तेभाऊ १९८४ साली शिकायला ओहायोत गेला आणि इंग्रजी बोलायला शिकला ते टीव्हीवरच्या अशा मालिकांचे जुने भाग बघून. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही त्यातली त्याची सगळ्यात लाडकी. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने लेकीला शेजारी बसवून हाच प्रसंग दाखवला, तर तिथे कुठलंसं बेनाव गिटार वाजत होतं. "इथे दुसरं गाणं होतं," तो म्हणाला. "बाबा, तुमचं वय झालं," लेक म्हणाली. लेस तोच, टोप तोच, प्रेक्षकांचा हशाही तोच. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या डोक्यावर शंका यायला एवढं पुरतं.

त्याची आठवण पक्की होती. गाणं खरंच बदललं होतं, आणि अशी गाणी अमेरिकन टीव्हीवर शेकड्यांनी बदलली आहेत. का, ते समजून घ्यायला आपल्याला रेडिओ, भाडेकरार, सातबारा आणि पुरणपोळी एवढ्या गोष्टींमधून जावं लागेल.

## आधी ही मालिका कोणती ते

सिटकॉम म्हणजे ठरलेली पात्रं, ठरलेली जागा आणि दर भागात नवा घोळ असणारी विनोदी मालिका. 'डब्ल्यूकेआरपी' १९७८ ते १९८२ या काळात सीबीएस वाहिनीवर चालली. चार हंगाम, ९० भाग. ह्यू विल्सन हा तिचा कर्ता. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातलं एक डबघाईला आलेलं रेडिओ स्टेशन दिवसभर गुळमुळीत संगीत लावतं. तिथे अँडी ट्रॅव्हिस नावाचा नवा माणूस येतो आणि पहिल्याच भागात ठरवतो की आजपासून रॉक वाजवायचं. डॉ. जॉनी फीवर नावाचा उद्ध्वस्त निवेदक गुळमुळीत तबकडी खर्रकन बाजूला सारतो आणि दुसरी लावतो. स्टेशन जागं होतं.

जाता जाता एक सांगतो, कारण मला ते फार आवडतं. लेसला स्वतंत्र खोली नाही, म्हणून त्याने टेबलाभोवती जमिनीवर पट्ट्या चिकटवल्यात. त्या म्हणजे भिंती. येणाऱ्याने नसलेल्या दारावर टकटक करायची.

मुद्दा असा की या मालिकेत गाणी सजावटीला नव्हती. निवेदक काय वाजवतो यावरून तो कसा माणूस आहे ते कळायचं. ह्यू विल्सनने खरीखुरी, त्या काळात रेडिओवर गाजत असलेली गाणी वापरली. ब्लाँडी या बँडचं 'हार्ट ऑफ ग्लास' मालिकेत वाजलं, आणि बँडच्या 'पॅरलल लाइन्स' या अल्बमच्या यशाला हातभार लावल्याबद्दल रेकॉर्ड कंपनीने निर्मात्यांना सोनेरी तबकडी भेट दिली. ती तबकडी मालिकेच्या सेटवर भिंतीला लटकलेली दिसते.

म्हणजे त्या वेळी सगळे खूश होते. मग बिनसलं कुठे?

## गाणं भाड्याचं होतं

आपल्याकडे घर भाड्याने देताना अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करतात. भाडेकरू घरात राहतो, खिळे ठोकतो, पोरांचे वाढदिवस साजरे करतो. अल्बममधल्या फोटोंत घर त्याचंच दिसतं. पण मुदत संपली की एकतर नवा करार, नाहीतर चावी परत.

मालिकेतलं गाणं असंच असतं. निर्माता ते विकत घेत नाही, वापरण्याचा परवाना घेतो. त्या परवान्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: किती वर्षं, कुठल्या देशांत, आणि कुठल्या माध्यमावर. 'डब्ल्यूकेआरपी'ची गाणी ठरावीक वर्षांच्या परवान्यावर घेतली होती. मुदती संपल्या, तोवर गाण्यांचे भाव कुठल्या कुठे गेले होते, आणि नव्वदच्या दशकातल्या पुनःप्रक्षेपणात एकेक गाणं घराबाहेर पडू लागलं.

मालिकेचं शीर्षकगीत मात्र हललं नाही, कारण ते मालिकेसाठीच बनवून घेतलेलं होतं. स्वतःचं घर. शेवटच्या श्रेयनामावलीला वाजणाऱ्या गाण्याची तर गंमतच आहे. जिम एलिस नावाच्या संगीतकाराने चाल ऐकवताना तोंडाला येईल ते बडबडून घेतलं होतं, शब्द नंतर घालू म्हणून. विल्सनला ती बडबडच आवडली. रॉक गाण्यातले शब्द नाहीतरी कुणाला कळतात, आणि त्या वेळी वाहिनीचा निवेदक त्यावर बोलतच असतो. ते निरर्थक गाणं जसंच्या तसं राहिलं. भाड्याची गाणी गेली, घरची बडबड टिकली.

## एका गाण्याला मालक किती?

इथे दोन शब्द शिकावे लागतील, जास्त नाहीत.

कुठल्याही रेकॉर्ड झालेल्या गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना: शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण: अमुक गायकाने अमुक स्टुडिओत गायलेली ती विशिष्ट आवृत्ती. रचना चित्राला जोडायची असेल तर 'सिंक' परवाना लागतो आणि तो गीतकार-संगीतकाराच्या प्रकाशन कंपनीकडून मिळतो. तेच ध्वनिमुद्रण वापरायचं असेल तर 'मास्टर' परवाना लागतो आणि तो रेकॉर्ड कंपनीकडून मिळतो. एकाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने नाही, तर गाणं वापरता येत नाही.

आता रचना चार जणांनी मिळून केलेली असेल आणि चौघांचे प्रकाशक वेगळे असतील, तर? गावाकडच्या जमिनीचा सातबारा आठवा. आजोबांच्या नावावर एक तुकडा, त्याखाली सतरा वारस. त्यातला एक नाशिकला, एक सुरतेला, एकीचं सासर कर्नाटकात, आणि एका काकांचं नाव लावायचंच राहिलंय. जमीन विकायची तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. गाण्याचं तसंच होतं. कंपन्या विकल्या जातात, गीतकार वारतात, मुलं भांडतात. कधीकधी अडचण पैशाची नसतेच, सही कुणाची घ्यायची तेच कळत नाही.

यात आणखी एक मेख आहे. परवान्यात अनेकदा अशी अट असते की दुसऱ्या कुणाला जास्त पैसे दिलेत तर आम्हालाही तेवढेच द्यायचे. लग्नात एका विहिणीला पैठणी दिली की मानाच्या सगळ्या बायकांना पैठणीच द्यावी लागते, तसं. एका अडून बसलेल्या गाण्याला वाढवून दिलं की बाकीच्या गाण्यांचं बिलही फुगतं.

## खऱ्या रेडिओला स्वस्त, खोट्या रेडिओला महाग

यातला सगळ्यात गमतीचा भाग हा आहे.

खऱ्या सिनसिनाटीतलं खरं रेडिओ स्टेशन एखादं गाणं हवेत सोडतं तेव्हा ते गीतकार-संगीतकारांच्या संस्थांना ठरावीक शुल्क भरतं आणि मोकळं होतं. एकेका गाण्यासाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. रेकॉर्ड कंपनीला आणि गायकाला तर ते एक पैसाही देत नाही. अमेरिकन कायद्यात साध्या एएम-एफएम रेडिओवर ध्वनिमुद्रण वाजवण्याचा मोबदला द्यायची सक्तीच नाही. रेडिओमुळे तबकड्या खपतात, तोच मोबदला समजा, असा जुना हिशोब.

पण टीव्हीवरच्या खोट्या स्टेशनातला खोटा निवेदक तेच गाणं लावतो, तेव्हा ते गाणं चित्राला शिवलं जातं. म्हणजे सिंक आणि मास्टर दोन्ही हवेत, प्रत्येक गाण्यासाठी वेगळे, वाटाघाटी करून. जॉनी फीवर खरा असता तर त्याचं काम कितीतरी स्वस्तात झालं असतं.

विल्सनच्या मंडळींनी यातूनही वाट काढली होती. त्या काळी व्हिडिओ टेपवर चित्रित होणारा कार्यक्रम संगीताच्या दरांपुरता नाच-गाण्याच्या विविधरंगी कार्यक्रमांसारखा धरला जाई, आणि फिल्मवर चित्रित होणाऱ्या मालिकेपेक्षा त्याला गाणी स्वस्त पडत. 'डब्ल्यूकेआरपी' म्हणूनच टेपवर घेतली. हा शहाणपणाच होता, पण त्या आठवड्याच्या प्रक्षेपणापुरता. टेपवरच्या स्वस्त गाण्यांनी मालिका उभी राहिली, आणि मालिका टिकून राहिली तेव्हा त्या गाण्यांचंच ओझं झालं.

## कायमचा करार का नाही केला?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात 'कसले मूर्ख होते' असा सूर असतो. पण १९७८ सालच्या निर्मात्याच्या खुर्चीत बसून बघा. मालिका आठवड्याला एकदा दिसते. चालली तर काही वर्षांनी जुने भाग गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना विकले जातात. त्याला तिथे सिंडिकेशन म्हणतात. ते दुपारी, संध्याकाळी चालतील, मग लोक विसरतील. घरी व्हीसीआर असलेली माणसं तेव्हा मोजकी. एखादी मालिका पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत खोक्यात घालून कुणी विकत घेईल, ही कल्पना कुणाच्या डोक्यात नव्हती. मग त्यासाठी जादा पैसे कोण मोजेल? आज फ्लॅट घेताना चंद्रावरच्या पार्किंगचे पैसे आपण भरू का?

हा वाद अमेरिकेत कोर्टातही गेला. 'मीडियम कूल' या १९६९ सालच्या चित्रपटात हर्बर्ट कोहेन यांच्या हक्कातलं 'मेरी-गो-राउंड' हे गाणं होतं. करारात चित्रपटगृह आणि टेलिव्हिजनवर दाखवण्याची परवानगी होती. पुढे पॅरामाउंटने चित्रपटाच्या व्हिडिओ कॅसेट काढल्या. कंपनीचं म्हणणं, कॅसेट शेवटी टीव्हीवरच बघतात ना? १९८८ साली अपील न्यायालयाने हे मानलं नाही. करार झाला तेव्हा घरगुती व्हीसीआर कुणाला ठाऊकच नव्हते, टीव्हीवर प्रक्षेपण करणं आणि माणसाने घरी कॅसेट लावणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जे स्पष्ट दिलं नाही ते मालकाकडेच राहतं.

त्यानंतर वकिलांनी करारात एक वाक्य ठोकायला सुरुवात केली, ज्याचा मराठी सारांश असा: आज माहीत असलेल्या आणि उद्या जगात कुठेही निघणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी. हल्लीच्या मालिकांची गाणी म्हणून बरीच टिकतात. कायमचा परवाना महाग पडतो, त्यामुळे प्रसिद्ध गाणी मुळातच कमी वापरली जातात, ही त्याची दुसरी बाजू.

## पुरणातून गूळ काढायचा कसा?

ठीक आहे, परवाना नाही, गाणं काढून टाका. पण काढायचं कसं?

सत्तरच्या दशकातल्या या टेपांवर बोलणं, हशा आणि गाणं बरेचदा एकत्र मिसळलेलं असे. निवेदक बोलतोय आणि मागे गाणं वाजतंय, तर ते दोन्ही आवाज एकाच पट्टीवर. त्यातलं नुसतं गाणं काढून द्या म्हणणं म्हणजे शिजलेल्या पुरणातून गूळ वेगळा करून मागण्यासारखं. गाणं पुसलं की संवादही पुसला जातो.

'डब्ल्यूकेआरपी'च्या नंतरच्या आवृत्तीत यावर जो उपाय केला, तो ऐकून अंगावर काटा येतो. मूळ नटांसारखा आवाज काढणारी माणसं आणून ते संवाद पुन्हा वदवून घेतले. म्हणजे जॉनीचं काम करणारा हॉवर्ड हेसमन ओठ हलवतोय आणि त्याच्या तोंडून दुसराच कुणीतरी बोलतोय. माझा आत्तेभाऊ म्हणाला होता, "गाणंच नाही रे, जॉनीसुद्धा बरोबर वाटेना." मला तेव्हा ही अतिशयोक्ती वाटली होती.

आता गूळ वेगळा करणारं यंत्र निघालंय म्हणा. पीटर जॅक्सनने २०२१ च्या 'गेट बॅक' या बीटल्सवरच्या माहितीपटासाठी जुन्या एकाच पट्टीवरचे आवाज संगणकाकरवी वेगळे करून दाखवले. या तंत्राने नकली आवाजांची गरज टळेल. पण गाणं परत येणार नाही. ते काढणं तेवढं सोपं होईल.

## गाणं बदललं तर एवढं काय बिघडलं?

ही शंका रास्त आहे. कितीतरी मालिकांमध्ये खरंच काही बिघडत नाही. हॉटेलातल्या प्रसंगात मागे कुठलं तरी गाणं वाजतंय, ते बदललं, कुणाला पत्ता लागत नाही. पण काही ठिकाणी गाणं हे पात्र असतं, आणि 'डब्ल्यूकेआरपी'त ते वारंवार तसं आहे.

तिचा सगळ्यात गाजलेला भाग टर्कीचा. थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी स्टेशनचे भाबडे व्यवस्थापक कार्लसनसाहेब हेलिकॉप्टरमधून जिवंत टर्की लोकांवर सोडतात, कारण हा पक्षी उडतो असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. त्याच भागात आधी एक छोटा प्रसंग आहे. कार्लसनसाहेब, जे पूर्वीच्या गुळमुळीत संगीतात रमलेले, जॉनीच्या खोलीत येतात. पिंक फ्लॉइडचं 'डॉग्ज' चालू आहे. हा ऑर्केस्ट्रा कुठला, ते विचारतात. मग कान टवकारून: यात कुत्री भुंकतायत का? भुंकतायत, जॉनी शांतपणे सांगतो. एक पिढी दुसऱ्या पिढीचं संगीत समजून घ्यायचा प्रयत्न करतेय, आणि तो प्रयत्न किती केविलवाणा, किती गोड आहे. तिथे दुसरं गाणं घालता येईना, कारण कुत्री फक्त त्याच गाण्यात भुंकतात. म्हणून नंतरच्या डीव्हीडीत हा प्रसंगच कापला.

लेसच्या टोपाच्या प्रसंगात तर कापण्यापेक्षा वाईट झालं. चित्र राहिलं, गाणं गेलं. प्रेक्षक मात्र जुन्याच जागी हसतात. आज बघणाऱ्याला वाटतं, एवढं काय हसतायत?

इतर मालिकांची उदाहरणं थोडक्यात. 'मॅरीड... विथ चिल्ड्रन' ही भांडकुदळ कुटुंबाची मालिका फ्रँक सिनात्राच्या गोडगोड 'लव्ह अँड मॅरेज'ने सुरू व्हायची, आणि तो विरोध हीच तिची ओळख. तिसऱ्या हंगामापासूनच्या डीव्हीडींवर सिनात्रा गायब, त्याऐवजी नुसती धून. 'डॅरिया' ही कार्टून मालिका एमटीव्हीची. ज्या वाहिनीचं पोटच गाण्यांवर, तिथे गाणी सढळ हाताने वापरली गेली. २०१० साली डीव्हीडी आली तेव्हा निर्मात्याने खोक्यातच चिठ्ठी घातली: जवळपास सगळं संगीत बदललंय, कारण ते ठेवलं असतं तर हा संच निघालाच नसता. ही चिठ्ठी मला आवडते. निदान सांगितलं तरी. 'हाउस' या डॉक्टरी मालिकेचं शीर्षकसंगीत अमेरिकेत एक आणि बाहेर अनेक ठिकाणी दुसरंच होतं. ती सिटकॉम नव्हे, पण परवान्यावर देशांचीही नावं असतात ती कशी, ते यातून कळतं.

## पण यात गाण्याची जाहिरातच होते ना?

होते. ब्लाँडीची सोनेरी तबकडी भिंतीवर होतीच. १९७९ साली नवं गाणं खपवायला टीव्ही हवा होता. पण पंचवीस वर्षांनी त्याच गाण्याला कुणाच्या ओळखीची गरज उरत नाही. उलट गाण्यामुळे मालिका विकली जाते. पारडं फिरलेलं असतं. जुन्या सिटकॉमच्या डीव्हीडी काही लाखोंनी खपत नाहीत, त्यामुळे मालिकेची कंपनी कागदावर हिशोब मांडते आणि बेनाव गिटार निवडते. २००७ साली 'डब्ल्यूकेआरपी'चा पहिला हंगाम डीव्हीडीवर आला तो असाच, बहुतेक ओळखीची गाणी वगळून. चाहते चिडले आणि पुढचे हंगाम त्या कंपनीकडून आलेच नाहीत.

रेकॉर्ड कंपन्यांना शिव्या घालून मोकळं व्हायचा मोह होतो. मला ते पटत नाही. ज्याने गाणं लिहिलं त्याला म्हातारपणी याच परवान्यांचे पैसे येतात. आणि गाणं बदलायचा निर्णय शेवटी मालिकेच्या मालकाचा असतो. भाडं परवडत नाही म्हणणाऱ्याचं खरंही असेल, पण प्रत्येक वेळी खरं असतंच असं नाही. २०१४ साली शाउट फॅक्टरी या दुसऱ्या, लहान कंपनीने चिकाटीने एकेका गाण्याच्या मागे लागून संपूर्ण 'डब्ल्यूकेआरपी' काढली आणि त्यातली बहुतांश मूळ गाणी परत आणली. सगळी नाही. पण 'अशक्य' या शब्दाचा अर्थ 'महाग आणि कटकटीचं' असाही होतो, हे त्यांनी दाखवलं.

## तीस सेकंद वापरलं तर चालतं, हे खरं का?

नाही. ही अफवा आपल्याकडेही घट्ट आहे. आमच्या नात्यातल्या एका मुंजीचा व्हिडिओ पोरांनी इंटरनेटवर चढवला. भिक्षावळीच्या मागे एक गाजलेलं गाणं, मोजून अठ्ठावीस सेकंद. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग मुका. बटू तोंड हलवतोय, आत्या रडतेय, आवाज शून्य. 'तीस सेकंदांच्या आत होतं की!' म्हणून पोरं हळहळली. असा सेकंदांचा नियम ना अमेरिकेच्या कायद्यात आहे ना आपल्या. टीका, परीक्षण, शिक्षण अशा काही कारणांसाठी थोडं वापरता येतं, ते का वापरलं यावर. विनोदी मालिकेतल्या निवेदकाने तबकडी लावणं त्यात सहसा बसत नाही.

वाढदिवसाच्या गाण्याचंच बघा. जुन्या अमेरिकन मालिकांत केक आला की लोक बरेचदा 'फॉर ही इज अ जॉली गुड फेलो' गातात. कारण 'हॅपी बर्थडे'वर एका संगीत कंपनीचा हक्काचा दावा होता आणि पडद्यावर ते गायचे पैसे पडत. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायाधीशांनी तो दावा फेटाळला, आणि पुढच्या वर्षी १.४ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोवर कित्येक काल्पनिक पोरांचे वाढदिवस भलत्याच गाण्यावर पार पडले होते.

## आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि गीतकारांच्या बाजूने ते हिरिरीने बोलले. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा आता करार करूनही काढून घेता येत नाही, चित्रपटगृहातल्या खेळांचा अपवाद सोडून.

त्याच दुरुस्तीत आपल्या विषयाशी थेट जुळणारं एक कलम आहे. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, किंवा व्यवसायात वापरात नव्हतं, त्याचे हक्क त्या करारात धरले जाणार नाहीत, तसा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय. म्हणजे कोहेन यांनी कोर्टात जाऊन जे मिळवलं, ते इथे कायद्यातच लिहिलंय. शिवाय करारात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मराठी मालिकेसाठी कुणाचं गाणं घेणाऱ्या निर्मात्याने हे दोन रकाने रिकामे सोडू नयेत. न्यू जर्सीतली मराठी मंडळी ती मालिका बघायला बसतील, आणि न्यू जर्सी भारतात येत नाही.

## आपण बघतोय ती आवृत्ती मूळ आहे का?

याला सरधोपट उत्तर नाही, पण 'डब्ल्यूकेआरपी'पुरती एक युक्ती आहे. ऑफिसातल्या त्या देखण्या बाईचं, जेनिफर मार्लोचं, घर भलतं उंची आहे. तिच्या दारावरची घंटासुद्धा साधी नाही. मूळ भागांत ती 'फ्लाय मी टू द मून'ची धून वाजवते. ही चाल बार्ट हॉवर्ड यांची, १९५४ सालची, म्हणजे अजून भाड्याची. नंतरच्या आवृत्त्यांत तिथे 'ब्यूटिफुल ड्रीमर' घातलंय. त्याचा संगीतकार स्टीफन फॉस्टर १८६४ सालीच वारला, त्यामुळे त्याच्या चालीला कुणी मालक उरलेला नाही.

आत्तेभावाला मी हे फोनवर सांगितलं. तो जुने डबे उघडून बसला आणि तासाभराने त्याचा निरोप आला. एका भागात चंद्र वाजला होता, दुसऱ्यात फॉस्टर. लेकीलाही ऐकवलं, म्हणाला, आणि आता दोघं मिळून प्रत्येक भागात कुणीतरी जेनिफरच्या दाराशी यायची वाट बघतायत.